बोका सोडून

माझ्या दुकानाच्या काउंटरच्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे. तो अक्कांच्या किल्ल्यांचा. कमरेला खोचलेला जुडगा काढायचा, काचेवर आपटायचा आणि मग तोंड उघडायचं, अशी त्यांची रीत. आधी किल्ल्या बोलायच्या, मग अक्का.

"काय रे मेडिकल, सुया दे. बारकातल्या बारीक. आन् इन्शुलिन दे. बोक्याचं संपत आलंय."

दुकानात गिऱ्हाईक असो नसो, आवाज तोच. उलट गर्दी असली की 'बोक्याचं' हा शब्द जरा जास्तच ठासून यायचा.

तुम्ही कधी गावातल्या औषधाच्या दुकानात घटकाभर बसला असाल तर पाहिलं असेल, इथं माणसं कुजबुजत बोलतात. मूळव्याधीचं मलम मागणारा आधी मागे वळून बघतो. गजकर्णाचं औषध कुणालाच स्वतःसाठी नको असतं, सगळ्यांना मित्रासाठी हवं असतं. कागदात गुंडाळा, वरून आणखी एक कागद लावा, काळी पिशवी द्या. अशा जागी अक्कांचा आवाज म्हणजे लग्नाच्या मांडवातला बँडच. मी एकदा म्हणालो, "अक्का, हळू बोललात तरी ऐकू येतं मला."

"हळू काहून?" त्या म्हणाल्या. "चोरी हाय का?"

हे त्यांचं पालुपद. आणि आधीच सांगून टाकतो, मला मांजरं आवडत नाहीत. पायात घोटाळतात, ओट्यावर चढतात आणि वर आपल्याकडे असं बघतात की जणू आपणच त्यांच्या घरात भाड्यानं राहतो. तेव्हा ही गोष्ट मी मांजराच्या प्रेमापोटी सांगतोय असं समजू नका.

हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता. कळमनुरीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अक्कांची खानावळ होती. लिंगायत वाण्याचं घर. बुटकी, गोरी, रुंद कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. सकाळी आंघोळ करून ते लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. दारावर पाटी होती, 'शुद्ध शाकाहारी भोजन'. त्या पाटीतल्या 'शुद्ध'वर त्यांचा सगळा जीव. मालक गेल्यावर, म्हणजे त्यांचे यजमान वारल्यावर, त्यांनी ही खानावळ काढली, मुलीचं लग्न नांदेडला करून दिलं आणि मग गावात एकट्या पण ताठ राहिल्या.

माणसांना नावानं हाक मारणं त्यांना माहीतच नव्हतं. मी 'मेडिकल'. जनावरांचे डॉक्टर 'ढोरडाक्टर'. धान्याच्या अडतीचे मालक, ज्यांना सारं गाव आप्पा म्हणायचं, ते अक्कांसाठी नुसते 'मोंढा', म्हणजे धान्याचा बाजार. आणि बँकेतला एक तरुण कारकून होता, तो 'बँक'.

या बँकेची एक हकीकत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. पोरगा लातूरकडचा, स्वभावानं गरीब. एका सकाळी त्यानं बसस्टँडवरच्या गाड्यावर ऑम्लेट खाल्लं आणि दुपारी जेवायला अक्कांच्या पंगतीला बसला. अक्का वाढता वाढता त्याच्याजवळ थांबल्या. नाक वर केलं. वरणाचं पळीभांडं तसंच हातात.

"बँक, ऊठ."

"अक्का, मी बाहेर खाल्लं. इथं थोडंच..."

"तोंड हितं घेऊन आलास का न्हाई? ऊठ."

भरल्या ताटावरून उठवला त्याला. नंतर कित्येक महिने तो बिचारा स्टँडवर पुरी-भाजी खाऊन दिवस काढत होता आणि माझ्याकडून पित्ताच्या गोळ्या नेत होता. एवढं कडक सोवळं.

अशा बाईच्या अंगणात त्या उन्हाळ्यात बोका आला.

मोठा, पिवळा, एक कान फाटलेला, तोंडावर जुन्या मारामाऱ्यांचे वण. गल्लीत कुणाचाच नव्हता. अक्कांच्या अंगणात मांजर शिरलं की खराटा फिरायचा, हे गल्लीतल्या मांजरांना पाठ होतं. हा मात्र आला आणि पाय धुवायच्या दगडी डोणीवर चढून पाणी प्यायला लागला. अक्का खराटा घेऊन धावल्या. तो हलला नाही. पीत राहिला. प्यायचा, जरा दम घ्यायचा, परत प्यायचा. अक्कांनी उगारलेला खराटा खाली घेतला.

हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, काउंटरला टेकून, त्यांच्या मानानं हळू आवाजात. "मालक असंच पाणी प्यायचे रे. तांब्यावर तांब्या. आमी म्हणायचो, उन्हाळा हाय. पावसाळा लागला तरी आमी आपले उन्हाळा हाय म्हणून राहिलो. मग पायाला जखम झाली तवा समद्यायला समजलं, शुगर हाय. तवर उशीर झालता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. भांडी घासायची राख अंगणाच्या कोपऱ्यात असायची, बोका लघवीला तिथंच बसला होता. त्या राखेला मुंग्यांची रांग लागली होती. आपल्याकडची जुनी माणसं शुगर अशीच ओळखायची, लघवीला मुंग्या लागल्या की.

किल्ल्या काचेवर आदळल्या. "मेडिकल, लघवी तपासायच्या पट्ट्या दे."

"कुणाची तपासायचीय?"

"बोक्याची."

मी हसलो. दुकानातली दोघं-तिघं हसली. अक्का हसल्या नाहीत, तेव्हा आमचं हसणं आपोआप आटोपलं. त्यांनी राख काढून टाकून जुन्या परातीत धुतलेले खडे भरून ठेवले, बोका त्यावर बसला, खाली जमलं त्यात पट्टी बुडवली आणि ती पट्टी दोन बोटांत धरून बाई भर रस्त्यानं माझ्याकडे आल्या. डबीवरच्या रंगांशेजारी ठेवून बघितली. शेवटचा, सगळ्यात गडद रंग. मग मी काउंटर फिनेलनं पुसून काढला.

"चल," त्या म्हणाल्या. "ढोरडाक्टरकडं. विंग्रजी बोलला तर तुला समजंल."

बोक्याला टोपलीत घालून वर चाळण बांधली होती. जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात बैल उभे, एक म्हैस आडवी पडलेली, आणि त्यात या बाई मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या. डॉक्टर भला माणूस. त्यानं आधी थट्टा समजली, मग पट्टी बघितली, बोक्याच्या अंगाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि गंभीर झाला.

"अक्का, बैलाचं औषध मला झोपेत विचारा. मांजराची शुगर कॉलेजात शिकलो तेवढीच. पण इलाज आहे. इन्शुलिन द्यायचं, अगदी थोडं, सकाळ-संध्याकाळ. सुई टोचता येईल?"

"मालकांना मीच टोचायची."

"मग झालं. आता सांगा, खातो काय?"

"दूधभात. वरण-भाकरी. पंगतीत उरंल ते."

"ते सगळं बंद. मांजर आहे ते. त्याला मांस पाहिजे. कोंबडी द्या, अंडं द्या."

अक्कांचा हात गळ्यातल्या डबीवर गेला. "माझ्या घरात?"

"भात खाऊ घातला तर सुई वाया जाईल, अक्का."

"दुसरं काई?"

"दुसरं काही नाही."

परतताना टोपलीतून बोकाच काय तो बोलत होता.

पुढचे काही दिवस त्या घरात जे चाललं ते त्यांच्यासारख्या बाईलाच सुचावं. बोक्याला शाकाहारी ठेवून बरं करायचं! सोयाबीनच्या वड्या शिजवून झाल्या. दूध फाडून त्याचा चोथा झाला. हरभऱ्याची डाळ वाटून झाली, शेंगदाण्याचं कूट झालं. बोका प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायचा, अक्कांकडे एकदा बघायचा आणि पुढच्या पायानं फरशी खरवडायला लागायचा, मांजर आपली घाण झाकतं तसा. "माझ्या हातचं खाऊन लोक बोटं चाटून राहिले आन् हा मुडदा माती लोटून राहिला," अक्का संतापून सांगायच्या. सुई चालू होती, पोटात काही नव्हतं. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, खात नसेल तर सुई देऊ नका, मरेल. सुई थांबली. बोका वाळत चालला. मग एके दिवशी तो मागचे पाय टाचेपर्यंत टेकवत, फरफटत चालायला लागला. अक्कांनी ते पाहिलं आणि त्या अंगणातच खाली बसल्या. मालकांचे पाय त्यांना आठवले असणार, दुसरं काय.

माझ्या दुकानातून मटण मार्केटची गल्ली तिरकी दिसते. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात मला अक्का दिसल्या. नुकती आंघोळ झालेली, विभूती ताजी, डोक्यावरून पदर, हातात मालकांचा जुना स्टीलचा डबा. त्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबल्या आणि आत शिरल्या. मी गिऱ्हाईक टाकून मागोमाग गल्लीच्या तोंडाशी आलो.

कोंबडीच्या दुकानात एक चाचा बसायचे, दाढी मेंदीनं लाल केलेले. अक्कांना बघून ते चटकन उठून उभेच राहिले. त्यांना वाटलं, बाई रस्ता चुकल्या.

"अक्का, भाजीवाले उधर बैठते."

"मालूम हाय मला. कोंबडी दे. हाडं काढून."

चाचांनी इकडं तिकडं बघितलं. गल्लीतल्या चार सुऱ्या थांबल्या होत्या. चाचा माणुसकीनं म्हणाले, "अक्का, आप घर जाओ. मैं शाम को पीछे के दरवाजे से भिजा देतूं. किसीकू मालूम नै पडता."

"मागल्या दारानं काहून?" अक्कांचा आवाज माझ्यापर्यंत आला. "चोरी हाय का? आजारी लेकराचं जेवण हाय. पुढच्या दारानं आले, पुढच्या दारानं जाईन."

डबा पुढं धरला आणि चाचा कापत असताना तोंड फिरवून उभ्या राहिल्या. कोंबड्यांचा आवाज आला तसे डोळे घट्ट मिटले. पण पाय हलला नाही. मग तो डबा घेऊन बाई भर बाजारातून, भाजीवाल्यांच्या रांगेतून, देवळावरून घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता.

आता कुणी म्हणेल, बाईनं धर्म सोडला. मी तुम्हाला सांगतो, काय सोडलं ते. अंगणात लिंबाखाली तीन दगडांची वेगळी चूल मांडली. वेगळं पातेलं, वेगळा चमचा. नाकाला पदर बांधून शिजवायच्या. पहिले काही दिवस शिजवता शिजवता ओकाऱ्या काढल्या. बोक्याला वाढलं की दर वेळी डोक्यावरून आंघोळ, मग लुगडं बदलून स्वयंपाकघरात पाय. पुढं थंडीतही हेच. मी म्हणालो, "अक्का, न्यूमोनिया होईल. एवढी तकलीफ कशाला?"

"मला वास सोसत न्हाई, हे माझं दुखणं. त्याला भूक लागती, हे त्याचं. त्याच्या दुखण्यात माझं कशाला मिसळू?"

बोका खायला लागला. सुई परत सुरू झाली आणि लागू पडली. टोचताना तो हूं की चूं करत नसे. पंधरवड्यात त्याच्या अंगावर केस चकाकायला लागले आणि मागचे पाय उचलले गेले.

इकडे खानावळीतली ताटं मात्र उठायला लागली. आधी शाळेतले गुरुजी गेले, मग तहसीलमधले. कुणी तोंडावर काही बोललं नाही, बदली झाली, डबा घरून येणार, अशी कारणं दिली. एकानं तेवढं धीर करून म्हटलं, "अक्का, दारावर शुद्ध शाकाहारी लिहिलंय, आणि मागं कोंबडी शिजते. ही फसवणूक झाली."

हे मात्र त्यांना लागलं. फसवणूक हा शब्द. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला. पाटी उतरवेल असं सगळ्यांना वाटलं. पेंटर गेला तेव्हा पाटी होती तिथंच होती. 'शुद्ध शाकाहारी भोजन' आणि त्याखाली लाल अक्षरात, 'बोका सोडून'.

लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती पाटी बघायला यायचे. हसायचे. पण फसवणूक म्हणायची सोय राहिली नाही.

त्याच आठवड्यात दुपारच्या वेळी दारात बँक येऊन उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, "अक्का, आता तरी येऊ का?"

अक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तोंड धुऊन ये," म्हणाल्या आणि पाट मांडला.

पण खरा घाव पुढंच होता. श्रावण आला. गल्लीतल्या महादेवाच्या देवळात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हुग्गीचा प्रसाद असायचा. हुग्गी म्हणजे सडलेल्या, म्हणजे उखळात कांडून टरफल काढलेल्या गव्हाची गुळातली खीर. ती अक्का करायच्या, लग्न होऊन आल्यापासून, दर वर्षी, न चुकता. आदल्या दिवशीपासून उपास, बोलणं बंद, भलंमोठं तांब्याचं पातेलं. वर्षातून त्या एका दिवशी त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. ती खीर म्हणजे त्यांचा मान होता आणि मान म्हणण्यापेक्षा त्यांचं देवाशी जे काही होतं ते सगळं त्या पातेल्यात होतं.

आप्पा चार माणसं घेऊन त्यांच्या ओसरीवर आले. मी तिथं होतो, सुया पोचवायला गेलो होतो.

"अक्का," आप्पा गोडीत म्हणाले, "बोका कुठं तरी रानात सोडून द्या. जंगम स्वामींना बोलावू, घर शुद्ध करून घेऊ. खीर तुमचीच. नाही तर यंदा दुसरं घर बघावं लागतंय."

"रानात सोडला तर मरंल तो."

"मांजर आहे, अक्का."

"मला दिसून राहिलं ते."

"देवाचं काम आहे. विचार करा."

अक्कांनी गळ्यातली डबी हातात धरली. "मोंढा, हे लिंग दोन्ही टाइम माझ्या तळहातावर असतंय. त्यानं अजून मला न्हाई म्हणलं न्हाई. तुमी कोण म्हणणारे?"

माणसं उठून गेली. अक्का जिंकल्या असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि किल्ल्या काचेवर आपटल्या नाहीत, अलगद ठेवल्या. काही मागितलंही नाही. नुसतं म्हणाल्या, "मेडिकल, गहू सडायला कुणाला देतील रे? पाणी कमी पडलं तर टरफल निघत न्हाई नीट." आणि पदर डोळ्याला लावला. मला त्या आप्पांचा असा राग आला की काय सांगू. तो अजून पुरता गेलेला नाही.

शेवटच्या सोमवारी सकाळी देवळात दुसऱ्या कुणी तरी केलेली खीर रटरटत होती. आणि अक्कांनी आपल्या घरासमोर, गल्लीत, तेच तांब्याचं पातेलं चुलीवर चढवलं. "देवळात न्हाई तर माझ्या दारात. देवाला चालता येतंय." खीर झाली. केळीच्या पानावर नैवेद्याची जागा पुसून ठेवली. आता परत आंघोळ, मग पूजा, मग नैवेद्य, मग लोकांना वाढायचं. तोवर त्या खिरीला बोट लावायचं नाही, चव बघायची नाही, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. एकदा एका बाईनं चमचा चाटला म्हणून त्यांनी अख्खं पातेलं गाईंना घातलं होतं, हे गावाला माहीत होतं. मी, बँक, तांड्यावरून बाजाराला आलेल्या दोन-चार लमाण बाया, असे आम्ही ओट्यावर बसलो होतो. आप्पा देवळाकडं निघाले होते, ते बघत उभे राहिले.

बोका कट्ट्यावर बसला होता. उठायला गेला आणि दारू प्याल्यासारखा झोकांडला. मग कट्ट्यावरून खाली पडला. पाय ताठ, डोळे उघडे पण बघत काहीच नाहीत.

"शुगर उतरली!" मी ओरडलो. "अक्का, साखर! गूळ! काही तरी गोड!"

साखर घरात नव्हती, गूळ सगळा त्या पातेल्यात होता.

अक्कांनी एक क्षण पातेल्याकडं पाहिलं. फक्त एक. मग पळी बुडवली, वरचं पातळ काढलं, त्या कढत खिरीत बोटं घातली आणि बोक्याचं तोंड उघडून हिरड्यांना चोळायला लागल्या. बोटं पोळत होती, फुंकर मारायच्या, परत घालायच्या.

"अक्का!" आप्पा ओरडले. "नैवेद्य राहिलाय! देवाआधी?"

"देव थांबतोय," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "ह्याला थांबता येत न्हाई."

अक्का चोळत राहिल्या. देवळातली घंटा तेवढी वाजत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग बोक्याची जीभ हलली. अक्कांच्या बोटावरून फिरली. परत फिरली. त्यानं डोळे मिचकावले आणि बसायची खटपट सुरू केली. लमाण बायांतली एक जण रडायलाच लागली, बँकही नाक ओढत होता. मी मांजराला बघून रडलो नाही. अक्कांची बोटं बघून मात्र रडलो, लाल झाली होती.

डॉक्टर धावत आले, बघून म्हणाले, "सुई बंद करा आता. खाण्यानंच बरा झालाय तो. सुई जास्त होतेय." असं होतं म्हणे मांजरांत कधी कधी. मग अक्कांनी आंघोळ केली, ओलेत्यानं येऊन लिंग तळहातावर घेतलं, त्याच पातेल्यातली खीर पुढं ठेवली आणि डोळे मिटले. आप्पा तोपर्यंत तिथंच उभे होते. नंतर देवळाकडं गेले. खीर वाढायला लागल्या तेव्हा चाचाही येऊन गल्लीच्या कडेला उभे होते. मी खाल्ली ती खीर. बोक्याच्या मागून खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

खानावळ पहिल्यासारखी परत कधीच भरली नाही, हे खरं ते सांगितलं पाहिजे. पण तिथं जे उरले ते हलले नाहीत. पुढच्या श्रावणात आप्पांकडून निरोप आला. खीर पहिल्यासारखी होत नाही, अक्कांनी घरीच करावी, पहाटे देवळाच्या मागच्या दारानं आणून द्यावी, बोभाटा होणार नाही. निरोप घेऊन आलेल्या माणसाला उत्तर काय मिळालं असेल ते तुम्हीच ओळखा. "पुढच्या दारानं बोलवा, येते," एवढं पुढं जोडलं. पुढच्या दारानं कुणी बोलावलं नाही. दर श्रावणात खीर त्यांच्या दारात होत राहिली.

सुई गेली तरी कोंबडी सुटली नाही. कित्येक वर्षं बाजाराच्या दिवशी अक्का त्या गल्लीत जात राहिल्या. चाचा दर वेळी उठून उभे राहायचे आणि मिशीत हसत म्हणायचे, "अक्का, भाजीवाले उधर बैठते." अक्का म्हणायच्या, "मालूम हाय मला," आणि डबा पुढं करून तोंड फिरवायच्या. दोघांचा हा ठरलेला राम राम होता.

बोका म्हातारा होऊन गेला, चुलीशेजारच्या पोत्यावर, झोपेत. लिंबाखाली पुरला. तोवर हिंगोली जिल्हा झाला होता, गावात मोबाइल आले होते. मी सहज म्हणालो, "अक्का, पाटीवरची ती ओळ आता पुसून टाका."

"काहून?"

"बोका गेला ना."

"गेला म्हणून काय खोटं होतंय का?"

ओळ राहिली. काही वर्षांनी अक्काही गेल्या. पूजेला बसल्या त्या उठल्या नाहीत. नांदेडहून मुलगी आली. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. अक्कांना सजवलेल्या पालखीत बसवलं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. गल्लीत सगळा समाज जमला होता. आप्पाही होते, काठी टेकत आलेले. ते म्हणाले, "मागच्या गल्लीनं चला. जवळ पडतं."

मुलगी म्हणाली, "मागच्या गल्लीनं नाही. आई सांगून ठेवून गेलीय. बाजारातून न्या, चाचांच्या दुकानावरून."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पांनी अक्कांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग त्यांनी उपरणं नाकाला लावलं, काठी उचलली आणि मटण मार्केटच्या दिशेनं सगळ्यांच्या पुढं चालायला लागले.

मी पुढं येऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. चाचांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि दर वेळेसारखे उठून उभे राहिले. पालखी समोर आली तसे म्हणाले, "अक्का, भाजीवाले उधर बैठते."

पालखी थांबली नाही. दर वेळी तिथं तोंड फिरवून उभ्या राहणाऱ्या अक्का त्या दिवशी भर बाजारातून, ताठ बसून, सरळ समोर तोंड करून गेल्या.